आठ नऊ आणि अनंत नऊ

एक बिटकॉइन तीन भावंडांत सारखा वाटायचा आहे. बिटकॉइनच्या खातेवहीत दशांशचिन्हापुढे आठ घरं आहेत, नववं नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला ०.३३३३३३३३ येतं आणि तिघांची बेरीज ०.९९९९९९९९ भरते. मूळ बिटकॉइन तर पुरता एक होता. वाटणीत एक सातोशी, म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग, मागे राहिला.

आता याच्याशेजारी गणितातलं एक जुनं विधान ठेवू. ०.९९९..., ज्यात नऊ कधीच संपत नाहीत, ती संख्या म्हणजे १. जवळजवळ एक किंवा व्यवहारापुरता एक, असं नव्हे. एक या संख्येचंच ते दुसरं लिखित रूप आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाटणीत एक सातोशी उरतो हेही खरं आणि अनंत नऊंचा एक होतो हेही खरं. डिजिटल चलनाबद्दल बोलताना या दोन्हींची गल्लत फार होते. कुणी म्हणतं की गणितात ०.९९९... म्हणजे १ असेल, तर हिशेबात तो सातोशी कुठे गेला? आणि कुणी उलट बाजूने म्हणतं की हिशेबात फरक दिसतो, म्हणजे गणितवाल्यांचं कुठेतरी चुकतंय. उत्तर एका प्रश्नात आहे: नऊ किती आहेत? आठ, की अनंत? आठ असतील तर उरलेलं शेवटच्या कणापर्यंत मोजता येतं. बिटकॉइनच्या बाबतीत हे मोजणं इतकं नेमकं आणि सुंदर आहे की गणिताच्या प्रत्येक शिक्षकाने ते वर्गात करून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी अनंत नऊंचं पाहू. नववीच्या गणितात अखंड आवर्ती दशांश रूपाचं अपूर्णांकात रूपांतर करायला शिकवतात, तीच रीत इथे चालते. क्ष = ०.९९९... मानू. दोन्ही बाजूंना १० ने गुणलं की १०क्ष = ९.९९९... मिळतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ९क्ष = ९, म्हणून क्ष = १. किंवा त्याहून थोडक्यात: १/३ म्हणजे ०.३३३... हे सगळे मान्य करतात. त्याची तिप्पट केली की एकीकडे १ येतो आणि दुसरीकडे ०.९९९... येतं.

तरी मन मानत नाही. ब्रिटनमध्ये डेव्हिड टॉल आणि रोल्फ श्वार्झनबर्गर यांनी १९७८ साली विद्यापीठात गणित शिकायला आलेल्या मुलांना हेच विचारलं, तेव्हा बहुतेकांनी ०.९९९... हे एकापेक्षा लहान आहे असं उत्तर दिलं. ही मुलं कच्ची नव्हती. आपण सगळेच ही संख्या डोळ्यांसमोर आणताना एकेक नऊ लिहीत जातो. ०.९, मग ०.९९, मग ०.९९९. प्रत्येक पायरीवर एकाला थोडं कमीच पडतं, म्हणून शेवटीही थोडं कमी पडणार असं वाटतं. पण शेवट नसतोच. ते तीन ठिपके ‘अजून लिहितोय’ असं सांगत नाहीत. सगळे नऊ आधीच तिथे आहेत, असं ते सांगतात.

ज्याला अजूनही शंका आहे, त्याने या दोन संख्यांमधलं अंतर सांगावं. ते एक दशांशापेक्षा कमी आहे, एक शतांशापेक्षा कमी आहे, एक कोट्यंशापेक्षा कमी आहे. कोणताही धन अपूर्णांक घ्या, अंतर त्याहून कमीच निघतं. वास्तव संख्यांमध्ये असं अंतर एकच, शून्य. गणितज्ञ अब्राहम रॉबिन्सन यांनी १९६०च्या दशकात अतिसूक्ष्म संख्यांचं काटेकोर गणित उभं केलं. त्यात शून्य नसलेली पण प्रत्येक अपूर्णांकापेक्षा लहान अशी अंतरं आहेत. मात्र नऊंची रांग कुठेतरी तोडली तरच तिथे असं अंतर उरतं. रांग अखंड ठेवली तर तिथेही ०.९९९... हा एकच राहतो.

हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. केरळात पंधराव्या-सोळाव्या शतकात होऊन गेलेल्या नीलकंठ सोमयाजी यांनी आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. वर्तुळातल्या चाप, ज्या आणि शर यांचं नातं उलगडताना त्यांना एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, त्याचा पुन्हा चतुर्थांश अशी न संपणारी बेरीज करावी लागली. ती बेरीज १/३ होते हे सांगून ते थांबले नाहीत. ती बरोबर तेवढीच वाढते, आणि तेवढी खरंच वाढते, हे कशावरून, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. १/३ मधून १/४ काढला की १/१२ उरतो. १/१२ मधून १/१६ काढला की १/४८ उरतो. १/४८ मधून १/६४ काढला की १/१९२ उरतो. दर वेळी उरतं ते काढलेल्या भागाचा एक तृतीयांश असतं. म्हणजे मूळ प्रश्नच पुन्हा समोर येतो, फक्त चौपट लहान होऊन. कितीही पायऱ्या गेलात तरी किती उरलं हे नेमकं सांगता येतं, आणि पायऱ्या संपल्याच नाहीत तर उरायला जागा राहत नाही. नीलकंठांची ही शिल्लक लिहून ठेवण्याची सवय आपल्याला बिटकॉइनपाशी पुन्हा लागणार आहे.

मधे थोडं रुपयाकडे वळतो, कारण आवर्ती दशांश हा संख्येचा स्वभाव नाही, लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. हे मराठी माणसाला रुपया-आणे-पै आठवलं की लगेच पटतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. एक रुपया तिघांत वाटायचा तर प्रत्येकाला ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. काही उरत नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि तोच एक तृतीयांश ३३.३३३... पैसे झाला. रुपया तोच, वाटेकरी तेवढेच. फक्त १९२ ला तीनाने भाग जातो आणि १०० ला जात नाही. उलट, पाच जणांत वाटायचं असेल तर जुन्या पद्धतीत ३८.४ पै येत, नव्या पद्धतीत वीस पैसे सरळ येतात. दशमान पद्धतीने पाचवा हिस्सा दिला आणि तिसरा काढून घेतला. अतिसंक्षिप्त रूपातल्या अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव असला की दशांश रूप संपत नाही, हा शाळेतला नियम इथे थेट खिशाशी येऊन भिडतो.

दशांश अपूर्णांक युरोपात लोकांपर्यंत नेणारे सायमन स्टेव्हिन यांनी १५८५ सालच्या आपल्या छोट्या पुस्तिकेतच नाणी, वजनं, मापं दशमान व्हावीत असा आग्रह धरला होता. त्यांचं बोलणं जगाने पुढे सावकाश ऐकलं. पण संगणक आले आणि पैसा दहाच्या पायावरून दोनाच्या पायावर लिहिला जाऊ लागला. दोनाच्या पायावर एक दशांशसुद्धा संपत नाही. ०.१ ही साधी संख्या द्विमान पद्धतीत ०.०००११००११००११... अशी चालूच राहते. संगणक ती कुठेतरी तोडतो. म्हणून कित्येक संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. पैशांचे हिशेब लिहिणारे जाणते प्रोग्रामर म्हणूनच दशांशचिन्ह वापरत नाहीत. रुपयांऐवजी पैसे मोजतात आणि सगळं पूर्णांकात ठेवतात.

बिटकॉइनच्या निर्मात्यानेही तेच केलं. सातोशी नाकामोतो या नावाने लिहिणाऱ्या अज्ञात व्यक्तीने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी आपला आराखडा जाहीर केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक, म्हणजे खातेवहीचं पहिलं पान, बांधला. त्या खातेवहीत आत कुठेही दशांशचिन्ह नाही. आहेत ते फक्त सातोशी, पूर्ण संख्येत. पडद्यावर ०.५ बिटकॉइन दिसतं, खातेवहीत ५,००,००,००० सातोशी असतात. दशांशचिन्ह ही वाचणाऱ्याची सोय आहे.

यातूनच तीन भावंडांच्या वाटणीचाही निकाल लागतो. व्यवहारात जेवढी रक्कम आत आली आणि जेवढी बाहेर गेली, त्यातला फरक ब्लॉक बांधणाऱ्या मायनरला शुल्क म्हणून मिळतो. तो मागे राहिलेला एक सातोशी हरवत नाही, शुल्कात जातो. प्रत्यक्षात शुल्क याहून बरंच जास्त द्यावं लागतं, पण नियम तोच.

खरी गंमत पुढे आहे. बिटकॉइन एकूण २ कोटी १० लाखच निघणार, असं सगळीकडे सांगितलं जातं. ही संख्या कुठून आली? सुरुवातीला दर ब्लॉकमागे मायनरला मोबदला म्हणून ५० नवे बिटकॉइन मिळत. दर २,१०,००० ब्लॉकनंतर हा मोबदला निम्मा होतो. साधारण चार वर्षांनी ही वेळ येते, तिला हाल्व्हिंग म्हणतात. २८ नोव्हेंबर २०१२ ला ५० चे २५ झाले, जुलै २०१६ मध्ये १२.५, मे २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५. पहिल्या टप्प्यात १ कोटी ५ लाख बिटकॉइन निघाले, दुसऱ्यात त्याच्या निम्मे, तिसऱ्यात त्याच्याही निम्मे. एप्रिल २०२४ पर्यंतचे चार टप्पे मिळून १,९६,८७,५०० होतात, म्हणजे २ कोटी १० लाखांतले रुपयात पंधरा आणे. ही भूमिती श्रेढी आहे. १ + १/२ + १/४ + १/८ + ... याची बेरीज २. म्हणून १ कोटी ५ लाखांची दुप्पट, २ कोटी १० लाख.

पण ती बेरीज २ होते ती अनंत पायऱ्या गेल्यावर. द्विमान पद्धतीत ०.१ म्हणजे अर्धा, ०.११ म्हणजे पाऊण, ०.१११ म्हणजे सात अष्टमांश, आणि ०.१११... असे न संपणारे एक म्हणजे पुरता १. दहाच्या पायावर जे नऊंचं, तेच दोनाच्या पायावर एकांचं. ‘एकूण २ कोटी १० लाख’ हे वाक्य म्हणजे ०.९९९... = १ हेच विधान, पैशाच्या वेशात. आणि पैशाला अनंत पायऱ्या नसतात. सातोशीचा अर्धा नाही. तेव्हा २ कोटी १० लाख हा आकडा सोळा आणे खरा नाही. तो थोडा कमी आहे. किती कमी, ते आता काढू.

सुरुवातीचा मोबदला ५० बिटकॉइन, म्हणजे ५०० कोटी सातोशी. याला दोनाने नऊ वेळा निःशेष भाग जातो. नवव्या हाल्व्हिंगनंतर ९७,६५,६२५ सातोशी राहतात, आणि ही संख्या विषम आहे. दहाव्या वेळी निम्मे ४८,८२,८१२.५ व्हायला हवेत. बिटकॉइनचा प्रोग्राम तो अर्धा सोडून देतो आणि ४८,८२,८१२ देतो. पुढे २४,४१,४०६, मग १२,२०,७०३. पुन्हा विषम, पुन्हा अर्धा गेला. ६,१०,३५१, ३,०५,१७५, १,५२,५८७, ७६,२९३. हे चारही विषम. ३८,१४६ सम. १९,०७३ विषम. मग बरंच अंतर सरळ जातं: ९,५३६, ४,७६८, २,३८४, १,१९२, ५९६, २९८. मग १४९, ७४, ३७, १८, ९, ४, २, १. आणि एकाचा अर्धा केला की शून्य. ५०० कोटींपासून एकापर्यंत ३३ टप्पे होतात. शेवटचा टप्पा साधारण २१४० साली संपतो, आणि त्यानंतर नवा सातोशी निघत नाही.

वाटेत विषम संख्या किती आल्या? ९७,६५,६२५, १२,२०,७०३, ६,१०,३५१, ३,०५,१७५, १,५२,५८७, ७६,२९३, १९,०७३, १४९, ३७, ९ आणि १. अकरा.

आता प्रत्येक विषम संख्येपाशी नेमकं किती गेलं ते पाहा. तिथे अर्धा सातोशी सुटला. पण तो अर्धा राहिला असता तर पुढच्या टप्प्यात पाव मिळाला असता, त्याच्या पुढच्यात अर्धपाव, आणि असंच पुढे. म्हणजे त्या एका सोडण्याने १/२ + १/४ + १/८ + ... इतकं गेलं. ही बेरीज किती? बरोबर १. कमी नाही, जास्त नाही. पुरता एक सातोशी. अकरा विषम संख्यांचे अकरा सातोशी. टप्प्यातल्या प्रत्येक ब्लॉकच्या जागेमागे अकरा, आणि एका टप्प्यात २,१०,००० जागा, तेव्हा एकूण २३,१०,००० सातोशी. बिटकॉइनमध्ये सांगायचं तर ०.०२३१. म्हणून बिटकॉइनची खरी कमाल संख्या २,०९,९९,९९९.९७६९ आहे.

या हिशेबात मला सगळ्यात जास्त काय भावतं ते सांगतो. तूट मोजायला अनंत बेरीजच कामी आली. १/२ + १/४ + १/८ + ... हे ‘जवळजवळ एक’ असतं, तर तूटही जवळजवळच मोजता आली असती आणि शेवटचा सातोशी जुळला नसता. ती बेरीज नेमकी एक आहे म्हणूनच २३,१०,००० हा आकडा पूर्ण संख्येत येतो. प्रत्येक टप्प्याचा मोबदला घेऊन, २,१०,००० ने गुणून, सगळी बेरीज कागदावर करून पाहा. हेच उत्तर येतं. ०.९९९... म्हणजे १ हे ज्यांना शब्दांचा खेळ वाटतं, त्यांच्यासाठी माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही.

प्रोग्राममध्ये हे कसं घडतं तेही पाहण्याजोगं आहे. तिथे भागाकार नाही. ५०० कोटी ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की ३३ अंकी होते. तिच्या डावीकडून सुरुवातीचे २४ अंक असे: १००१०१०१००००००१०१११११००१, आणि पुढे नऊ शून्यं. दहाच्या पायावर शेवटचा अंक काढून टाकला की संख्येचा दहावा भाग उरतो, तसा दोनाच्या पायावर शेवटचा अंक काढला की निम्मा भाग उरतो. हाल्व्हिंग म्हणजे उजवीकडचा एक अंक गाळणं. गाळलेला अंक शून्य असेल तर काही जात नाही, एक असेल तर एक सातोशी जातो. त्या रांगेतले एक मोजा. अकरा आहेत. नऊ शून्यं गळेपर्यंत काहीच जात नाही, म्हणून आजवरच्या चारही हाल्व्हिंगमध्ये तूट शून्य आहे.

याच अंक गाळण्यात एक चूक दडली होती. सगळे ३३ अंक गळल्यावर मोबदला शून्यच राहायला हवा. पण प्रोग्राम ज्या संगणकभाषेत लिहिला होता, तिच्यात ६४ अंकी घरातून ६४ अंक एकदम गाळायला सांगितलं तर काय व्हावं हे ठरलेलंच नव्हतं. पुष्कळ संगणकांवर अशा वेळी एकही अंक गळत नाही. म्हणजे ६४ हाल्व्हिंगनंतर, सुमारे अडीचशे वर्षांनी, मोबदला पुन्हा ५० बिटकॉइन झाला असता आणि सगळं चक्र नव्याने सुरू झालं असतं. तसं झालं असतं तर २ कोटी १० लाखांची मर्यादा उरलीच नसती, पुरवठा अनंत झाला असता. बिटकॉइनच्या प्रोग्रामवर काम करणारे पीटर व्युले यांनी १ एप्रिल २०१४ रोजी याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. तारखेला साजेशा खेळकर भाषेत तो लिहिला होता, पण दोष खरा होता. ६४ किंवा जास्त हाल्व्हिंग झाल्या असतील तर मोबदला शून्य, अशी एक ओळ आता प्रोग्राममध्ये आहे.

घर मर्यादित असल्याचा याहून मोठा फटका त्याआधीच बसला होता. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये दोन पत्त्यांवर मिळून १८,४०० कोटींहून जास्त बिटकॉइन निर्माण झाले. दोन प्रचंड रकमांची बेरीज ६४ अंकी घरात मावली नाही, उलटून ऋण झाली, आणि तपासणीच्या नजरेतून सुटली. काही तासांत दुरुस्ती झाली आणि तो ब्लॉक ब्लॉकच्या साखळीतून बाद झाला. पूर्णांकांत हिशेब ठेवला की दशांशाची कटकट टळते, पण घराची उंची विसरून चालत नाही.

२,०९,९९,९९९.९७६९ हीसुद्धा कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात निघणारा आकडा याहून थोडा कमी. नियम एवढाच सांगतो की मायनरने ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये. कमी घेतलं तर चालतं, आणि न घेतलेलं कायमचं जातं. १,२४,७२४ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये मायनरने ५० ऐवजी ४९.९९९९९९९९ बिटकॉइन घेतले. एक सातोशी कमी. आठ नऊ इथे खातेवहीतच कोरले गेले आहेत. ५,०१,७२६ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये तर १२.५ बिटकॉइनचा सगळा मोबदलाच कुणी घेतला नाही. आणि अगदी पहिल्या ब्लॉकमधले ५० बिटकॉइन प्रोग्रामच्या रचनेमुळे खर्च करताच येत नाहीत.

उरलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक चलनाला सोडवावा लागतो. बिटकॉइन नेहमी खाली उतरतो, अर्धा सातोशी देत नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयात बदलतात. पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. कधी सरकारला थोडं जास्त जातं, कधी करदात्याला थोडं सुटतं, आणि पुष्कळ व्यवहारांत दोन्ही बाजू बहुतांशी एकमेकींना भरून काढतात. एकाच दिशेने सोडत गेलं की काय होतं, हे कॅनडात दिसलं. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा एक निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढत आणि तीन दशांशांपुढचं सरळ कापत. कापलेलं दर वेळी एक सहस्रांशाहूनही कमी असे. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास आला. बाजार पडतोय असं दिसत होतं. नीट काढल्यावर खरा आकडा १०९८ हून जास्त निघाला. बिटकॉइनमध्ये कापण्याची वेळ चार वर्षांतून एकदा येते आणि ३३ टप्प्यांत संपते, म्हणून तूट नाममात्र राहते. तेच कापणं दिवसात हजारो वेळा झालं की निम्मा निर्देशांक जातो.

भारतात यूपीआयवरून ३३ रुपये ३३ पैसे पाठवता येतात, जरी २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया मात्र वेगळा विचार करतो. १ डिसेंबर २०२२ पासून मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर इथे सामान्य ग्राहकांसाठी त्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा त्याचे टोकन नाणी-नोटांच्याच किमतींचे ठेवले होते. डिजिटल म्हटलं की पैसा हवा तितका बारीक कापता येईल असं वाटतं. बारीक किती कापायचं हे तंत्र ठरवत नाही, चलन चालवणारे ठरवतात.

म्हणून शेवटचा हिशेब सातोशीच्या आकाराचा. समजा बिटकॉइनची खातेवही पहिल्यापासून आठऐवजी अकरा घरांची असती. लायटनिंग नावाच्या जोडजाळ्यात सातोशीचा हजारावा भाग आजही मोजतात, तेच एकक मुख्य खातेवहीत असतं असं समजू. मग सुरुवातीचा मोबदला पाच लाख कोटी एककं झाला असता. ही संख्या द्विमान पद्धतीत ४३ अंकी आहे आणि तिच्यात चौदा एक आहेत. तूट चौदा गुणिले २,१०,०००, म्हणजे २९,४०,००० एककं, आणि आता प्रत्येक एकक हजारपट लहान. एकूण बिटकॉइन झाले असते २,०९,९९,९९९.९९९९७०६. मोबदला आणखी दहा टप्पे चालला असता, २१४० च्या पुढे जवळजवळ चाळीस वर्षं. घरं आणखी वाढवली तर नऊंची रांग लांबत जाते आणि तूट आकसत जाते, पण घरांची संख्या मोजता येण्याजोगी आहे तोवर तूट शून्य होत नाही, कारण सुरुवातीच्या संख्येत निदान एक तरी एक असतोच आणि तो कधीतरी गळतोच.